गाडी लावा, सायकल काढा: कोल्हापुरातून थरच्या हिवाळ्याला

आम्ही दर हिवाळ्याला मोटारहोम आणि ई-सायकली घेऊन राजस्थानातल्या थरच्या वाळवंटात राहायला जातो, त्यामुळं नोव्हेंबर संपत आला की आमच्या गल्लीत मला दोन प्रश्न हमखास येतात. "यंदा पण उंटाकडं काय?" हा पहिला. "आम्हालाबी सांगा की, काय काय लागतंय ते" हा दुसरा. पहिल्याला हसून उत्तर देता येतं. दुसऱ्याचं उत्तर दारात उभं राहून संपत नाही, म्हणून हे लिहून काढलं.

मोटारहोम म्हणजे झोपायची, रांधायची आणि शौचालयाची सोय असलेली गाडी. आपल्याकडं बहुतेक वेळा ती मुळात टेम्पो ट्रॅव्हलरच असते. ई-सायकल म्हणजे पायडल मारायची, पण बॅटरीची मदत घेणारी सायकल. हे आधीच सांगतो, कारण ई-बाईक म्हटलं की लोक स्कूटरच समजतात आणि मग वाळूत स्कूटर कशी चालेल यावर अर्धा तास जातो.

नवखा माणूस मोटारहोम घेतली की रोज पळवतो. आज उदयपूर, उद्या जोधपूर, परवा जैसलमेर. दहा दिवसांत त्याला ढाबे आणि टोलनाके पाठ होतात, वाळवंट दिसत नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलं. खरं तर गाडी एका कडक जागी लावून आठ-दहा दिवस हलवायची नसते. दूध आणायला, गाव बघायला, सूर्यास्ताला सगळीकडं सायकल. पुढचं सगळं याच हिशेबानं लिहिलंय.

कागद आणि गाडी

पहिल्या हिवाळ्याला गाडी विकत घेऊ नका, बांधून तर अजिबात घेऊ नका. भाड्यानं घ्या. कॅराव्हॅन, म्हणजे मोटारहोमच, भाड्यानं देणारे पुण्या-मुंबईकडं मिळतात. भाड्याच्या गाडीला गुजरात आणि राजस्थानात चालेल असा परवाना आणि कर भरल्याचा कागद आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. "सगळं आहे ओ" या शब्दावर जाऊ नका, कागद हातात घ्या.

स्वतःची बांधायचीच असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा. आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी मनानं करता येत नाही. सीट काढून पलंग टाकला, गॅस बसवला आणि आरसीवर अजून प्रवासी गाडीच, असं असेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी भांडायला तुमच्याकडं काही राहत नाही. आधी आरटीओत जाऊन विचारा, मग गाडी बांधून देणाऱ्या फॅब्रिकेटरकडं जा. उलटं करणारे मी बघितलेत. साधा कारचा परवाना एकूण ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला चालतो, त्यामुळं ट्रॅव्हलरसारख्या गाडीची त्या बाबतीत काळजी नको.

सायकल

आपल्या नियमांत मोटार २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर ई-सायकलला नंबरप्लेट, परवाना, विमा काही लागत नाही. दुकानदार "लॉक उघडून देतो, चाळीसनं पळेल" म्हणाला तर हात जोडा. एक तर ती बेकायदा होते, आणि दुसरं म्हणजे वाळूत वेगाचा उपयोग शून्य.

मोटार दोन ठिकाणी असते. मागच्या चाकाच्या मधोमध असली तर सायकल स्वस्त पडते, डांबरावर छान चालते, पण वाळूत माणसाच्या चालीनं रेटताना ती मोटार तापते आणि बंद पडते. पायडलच्या आसापाशी असेल तर मोटारीला गिअरचा फायदा मिळतो आणि चढाला, वाळूला ती जास्त दम धरते. ती महाग असते. मी पहिल्या प्रकारची वापरतो. वाळू आली की उतरतो आणि ढकलतो. यात लाज कसली?

टायर मात्र जाड घ्या. चार इंची टायर असेल तर डांबरावर हवा पंधरा ते वीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि वाळूत सहा ते आठ. सहा म्हणजे अंगठ्यानं दाबलं की टायर सरळ आत जातो. पहिल्यांदा भीती वाटते, पण फुगलेला टायर वाळूत चाकूसारखा रुततो आणि सैल टायर उंटाच्या पायासारखा पसरतो. परत डांबरावर आलात की हवा भरा. म्हणून हातपंप आणि कमी दाब नीट दाखवणारा गेज दोन्ही सायकलीवरच ठेवायचे, गाडीत नाही.

निघण्याआधी पन्हाळ्याची एक फेरी मारा. शहरापासून वीसेक किलोमीटर, शेवटी घाट. बॅटरी किती टक्के उतरली ते लिहून ठेवा. जाहिरातीतला ऐंशी किलोमीटरचा आकडा घाटात कुठं जातो ते कळेल. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. पायडल मारत डांबरावर पस्तीस-चाळीस किलोमीटर निघतात, वाळूमिश्रित कच्च्या वाटेवर त्याचे निम्मे.

मागचा रॅक

ई-सायकल पंचवीस किलोची. दोन सायकली म्हणजे अर्धा क्विंटल, आणि तोही गाडीच्या मागच्या टोकाला लोंबकळणारा. साध्या सायकलचा टांगायचा रॅक याला चालत नाही. चाकं खाली टेकतील असा पाळणा लागतो. आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतला. मिस्त्रींनी माझं चित्र बघितलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, नुसता नट कसून भागत न्हाई. खडखड रस्त्यावर शंभर किलोमीटरात सुटतोय बघा. नायलॉकचा घालूया आणि वर एक पट्टा." नायलॉक म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा नट. मी पट्टा नको म्हणालो, दिसायला बरं दिसत नव्हतं. राजस्थानात सांचोरच्या पुढं आरशात एक सायकल तिरकी झालेली दिसली. आता दोन पट्टे आहेत.

रॅकवर चढवताना बॅटरी काढून आत ठेवा. पंचवीसपैकी दोन-तीन किलो तिथंच कमी होतात आणि धूळ तिच्या पिनांवर बसत नाही. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जात असतील तर रॅकवर दुसरी प्लेट आणि दिवे लावून घ्या. उद्यमनगरात हे तासाभराचं काम आहे.

विजेचा हिशेब

इथं जरा थांबून वाचा. बाकी चुकलं तर गैरसोय होते, हे चुकलं तर मुक्कामच संपतो.

आमच्या टपावर ४०० वॅटचे पॅनेल आहेत, आत बारा व्होल्टची, २०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. म्हणजे भरली की अडीच युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास). कोल्हापुरात डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पन्नास अंशांवर असतो, जैसलमेरला चाळीसच. टपावर पॅनेल सपाट पडलेलं असतं, त्यामुळं तिरकं ऊन त्याला कमी लागतं. घरी चाचणी घेऊन जो आकडा मिळेल तो तिथं मिळणार नाही. आम्हाला स्वच्छ दिवशी साधारण सव्वा युनिट मिळतं.

आता खर्च. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज अर्धा युनिट. दिवे, पाण्याचा पंप, पंखा, दोन फोन आणि एक लॅपटॉप मिळून पाव युनिट. सायकलची बॅटरी रिकामी असेल तर इन्व्हर्टर आणि चार्जरची गळती धरून अर्ध्या युनिटाहून थोडं कमी, म्हणजे ०.४५. बेरीज करा: १.२. एक सायकल रोज पूर्ण भरली की शिल्लक काही नाही. दोन सायकली असतील तर आज एक, उद्या दुसरी. इंडक्शन शेगडीचं नाव काढू नका; अर्धा तास पेटली की जवळजवळ एक युनिट गेलं. स्वयंपाक गॅसवर.

सायकल दुपारी अकरा ते तीनमध्येच लावायची. त्या वेळी ऊन थेट सायकलीत जातं, घरच्या बॅटरीला हात लागत नाही. रात्री झोपताना चार्जिंगला लावून ठेवायची सवय घरीच सोडून जा. लिथियम बॅटरीला आग लागली तर दारापर्यंत जायला वेळ मिळत नाही आणि मोटारहोमला दार एकच असतं. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते. थरमध्ये पारा शून्यावर क्वचितच येतो, पण पहाटे गारठलेली बॅटरी कमी अंतर देते, म्हणून तिला आत पलंगाखाली झोपवतो.

सकाळी पॅनेलवर दव आणि धूळ मिळून चिखलाचा पापुद्रा बसतो. दव वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसलं तर एक तांब्या पाणी पुरतं. वाळल्यावर घासलं तर काचेवर ओरखडे.

वाट

कोल्हापूरहून निघालात की पुणे, मुंबईचं कडेचं वळण, सुरत, बडोदा, अहमदाबाद, तिथून पालनपूरकडून सांचोर, बाडमेर, जैसलमेर. साधारण चौदाशे किलोमीटर. आम्ही चार दिवस घेतो. सर्वांत धोक्याचा टप्पा वाळवंटात नसून आपल्या अंगणातच आहे. हंगाम सुरू असतो, रात्री उसाच्या जोड-ट्रॉल्या मागं एक लाल कापडही न बांधता चाललेल्या असतात. पहाट उजाडल्यावरच निघा. ठाण्याचा घोडबंदर रस्ता संध्याकाळी टाळा. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, वाटेतून जातानाही गाडीत बाटली नको. थंडीसाठी म्हणून ठेवली होती हे कारण तिथं चालत नाही.

जागा कशी निवडायची

सम हे नाव सगळ्यांना माहीत असतं. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर, वाळूच्या टेकड्या सुंदर, पण तंबूंची रांग, रात्री मोठ्यानं गाणी आणि दिवसभर जीपा. एक संध्याकाळ बघायला ठीक. राहायला खुरी गावाकडं शांत आहे. तिथं छोट्या हॉटेलवाल्याच्या किंवा शेतकऱ्याच्या आवारात विचारून गाडी लावा, रोजाचे पैसे आधी ठरवा. एकट्या माळावर लावण्यात शौर्य नाही. आवारात लावली तर पाणी मिळतं, कुत्री राखण करतात, आणि अडचणीला हाक मारायला माणूस असतो.

गाडीची चाकं खडीवर किंवा डांबराच्या कडेच्या घट्ट मुरमावरच. पहिल्या वर्षी फोटोसाठी मी रस्त्यापासून जेमतेम तीस फूट आत घातली. वाळू वरून कडक दिसत होती. थांबलो, आणि निघताना मागचं चाक जागेवर फिरलं. अजून थोडा जोर दिला. आणखी थोडा. गाडी आसापर्यंत खाली बसली. चाक जागेवर फिरलं की त्याच क्षणी पाय काढायचा, हवा कमी करायची, चाकापुढची वाळू फावड्यानं उपसायची आणि खाली पाट्या किंवा जाड पायपोस घालायचं. मी यातलं काही केलं नाही. ट्रॅक्टरवाल्यानं ओढून काढली आणि भरपूर पैसे घेतले. बरोबरच केलं त्यानं.

पायी जाऊन टाच आपटा. टाच अर्धा इंच जरी रुतली तरी गाडी तिथं नाही.

पश्चिमेकडं सीमा आहे. तनोटच्या देवळापर्यंत आपल्याला जाता येतं, पण सीमेजवळच्या काही भागांना परवानगी लागते, ती जैसलमेरात आधी विचारून घ्या. ड्रोन घरी ठेवा. पोखरणच्या बाजूला लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाच्या जागा आहेत. कुंपण किंवा पाटी दिसली की सायकल वळवायची, वाट पुढं कितीही चांगली दिसली तरी.

पाणी आणि बाकीचं

शंभर लिटरची टाकी दोघांना पाच-सहा दिवस जाते. आंघोळ एका बादलीत, भांडी आधी कागदानं पुसून मग धुवायची. जमिनीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं लागतं, पिण्याचं वेगळं घ्या. वाटेत जमिनीत बांधलेली, झाकण असलेली गोल टाकी दिसतील. त्याला तिथं टांका म्हणतात. पावसाचं पाणी साठवलेलं असतं आणि ते कुणाच्या तरी घराचं वर्षाचं पाणी असतं. विचारल्याशिवाय बादली सोडू नका.

शौचालयाची पेटी रिकामी करायला आपल्या देशात फारशी सोय नाही. आवाराच्या मालकाच्या शौचालयात, विचारून. ढिगाआड ओतणारे लोक असतात, त्यांच्यामुळं पुढच्या गाडीला जागा मिळत नाही.

सायकलीवरचा पहिला आठवडा

सराटा आपल्या माळावर असतो तोच. तिथं त्याला गोखरू म्हणतात आणि तो रस्त्याच्या कडेला पसरलेला असतो. पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीपाशी थांबलो, टायरवर हात फिरवला तर बोटांना खडबडीत लागलं. वाकून बघितलं. हरभऱ्याएवढी फळं, प्रत्येकाला दोन शिंगं, एक शिंग रबरात. एक उपटलं तसा "फुस्स". दुसरं उपटलं, पुन्हा. अकरा निघाले. काटे दिसले की लगेच उपटायचे नाहीत, हे नंतर समजलं. ते आत असेपर्यंत भोक बुजलेलं असतं. मुक्कामाला पोचा, मग पाण्याची बादली घेऊन बसा.

आता ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं पातळ रसायन आधीच घालून नेतो आणि टायर-ट्यूबच्या मध्ये प्लास्टिकची पट्टी टाकतो. वेड्या बाभळीच्या लांब काट्याला ही पट्टीही पुरत नाही, म्हणून दोन ट्यूब जादा. मागच्या चाकात मोटार असेल तर चाक काढायला पाना वेगळा लागतो आणि वायरीची जोडणी सोडवावी लागते. हे घरी एकदा करून बघा. टपरीवरच्या पंक्चरवाल्याला ते येत नसतं.

साखळीला तेल कमी. ओलं तेल वाळू धरतं आणि त्याचा सॅंडपेपर होतो. कोरडं, मेणाचं वंगण मिळतं ते लावा, रोज संध्याकाळी ब्रशनं साखळी झाडा. कच्छच्या पांढऱ्या रणात सायकल नेलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा. मीठ एका रात्रीत नट गंजवतं.

वाऱ्याचा अंदाज घेऊन निघा. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. बॅटरी साठ टक्क्यांवर आली की कुठंही असा, मागं फिरा. फोनवर नकाशा उतरवून ठेवा, रेंज जाते. जानेवारीत जैसलमेरला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो, आपल्या सवयीनं सहाला निघालात तर अंधारात उंटाला धडकाल. तो रस्त्यावरच बसलेला असतो आणि त्याला दिवा नसतो. कळपाची कुत्री अंगावर आली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढं जा.

टेकडीच्या अंगावर सायकल चालवण्यात मजा नाही, दमछाक आहे. मजा आहे ती टेकड्यांच्या मधल्या कडक वाटांवर आणि सीमेकडं जाणाऱ्या रिकाम्या डांबरी रस्त्यांवर. कुलधराचं ओसाड गाव, आकलचे दगड झालेले वृक्ष, जैसलमेरला मुक्काम असेल तर यातलं एका दिवशी एकच होतं. बांध घातलेलं सपाट शेत दिसलं तर त्यावरून जाऊ नका. ते खडीन, पावसाचं पाणी अडवून त्याच्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घेतात. ओरण म्हणजे आपली देवराई, तिथली काटकीही शेकोटीला घ्यायची नाही. राष्ट्रीय मरुउद्यानात रस्ता सोडू नका. सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, त्या माळढोकाची देशातली मुख्य वस्ती आता इथंच उरली आहे.

तिथलं खेजडीचं झाड म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगांची, सांगरीची भाजी मिळते. आमच्या हिनं त्यात घरचा कांदा-लसूण मसाला घातला तेव्हा शेजारच्या आजींनी एक घास खाल्ला आणि पाण्याचा तांब्या मागवला. बाजरीच्या भाकरीशी मात्र आपला ठेचा लगेच जमतो. मसाला, गूळ, शेंगदाण्याची चटणी घरून न्या. बाकी सगळं मिळतं.

रात्र

दुपारी बाहीचा शर्ट नकोसा होतो आणि पहाटे पारा सात-आठवर, कधी त्याखाली. खोबरेल तेल बाटलीत दगड होतं. गोधड्या दोन जास्तीच्या न्या. गाडीत शेगडी किंवा निखारे पेटवायचे नाहीत, एक मिनिटही नाही. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. त्याचा अलार्म मिळतो, तो बसवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. थंडी कितीही असो, टपाची झडप बोटभर उघडी. बंद ठेवलीत तर सकाळी काचांवरून पाणी ओघळतं आणि गाद्या ओल्या.

परत आल्यावर

सायकलची बॅटरी निम्मी भरून थंड जागी ठेवा. पूर्ण भरून महिनोन् महिने ठेवली तर लवकर म्हातारी होते. पाण्याची टाकी उपसून वाळवा. रॅकचे नट पुन्हा तपासा. कपडे, मोजे, पायपोसं यांना भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं चिकटलेली असतात, केसाएवढे बारीक काटे आणि आत गवताचं बी. ते चिमट्यानं काढून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि जाळा, अंगणात झटकू नका.